माळढोक नेमका कुणाचा?

फेब्रुवारी २०२० मध्ये गुजरातमधल्या गांधीनगरला एक आंतरराष्ट्रीय परिषद भरली होती. स्थलांतर करणाऱ्या वन्यजीवांच्या संरक्षणासाठी झालेल्या कराराची ती तेरावी बैठक. त्या परिषदेचं शुभंकर होतं 'गिबी', म्हणजे माळढोक पक्षी. याच बैठकीत माळढोक, आशियाई हत्ती आणि आणखी काही प्रजातींना कराराच्या पहिल्या परिशिष्टात जागा मिळाली. सर्वाधिक धोक्यात असलेल्या आणि म्हणून सर्वाधिक संरक्षण द्यायच्या प्राण्यांची ही यादी. पुढच्याच महिन्यात करोनामुळे देश बंद झाला आणि ही बातमी मागे पडली ती पडलीच.

या बातमीची आठवण मी आज काढतोय, कारण ज्या पक्ष्याचं चित्र गांधीनगरच्या फलकांवर झळकत होतं, तो आमच्या घराजवळचा आहे. मी राहतो माजरीला. भद्रावती तालुक्यातलं हे कोळसा खाणींचं गाव. दिल्ली-चेन्नई रेल्वेमार्गावरचं जंक्शन, इथून एक फाटा वणीकडे जातो. बाहेरच्यांना चंद्रपूर म्हटलं की ताडोबा आणि वाघ आठवतो. पण वरोरा-भद्रावती पट्ट्यातली शेतं आणि माळरानं ही महाराष्ट्रातल्या माळढोकाच्या अगदी शेवटच्या ठिकाणांपैकी एक. सोलापूरच्या नान्नजचं नाव सगळ्यांना माहीत असतं, वरोऱ्याचं फार कमी लोकांना. हाताच्या बोटांवर मोजण्याइतके पक्षी इथे नोंदले गेले आहेत, तेही अभयारण्यात नाही, तर कास्तकारांच्या वावरात.

संपूर्ण देशात आज हा पक्षी साधारण दीडशेच्या आसपास उरला असावा असं मानलं जातं. त्यातले बहुतेक राजस्थानातल्या जैसलमेर परिसरात. आमच्या गावची लोकसंख्या याच्या कितीतरी पट आहे.

एक पक्षी, अनेक नावं

मी शाळेत उर्दू आणि मराठी शिकवतो. त्यामुळे कुठल्याही गोष्टीकडे पाहताना आधी तिच्या नावाकडे लक्ष जातं. मराठीत हा माळढोक. त्याच्या घुमणाऱ्या आवाजावरून काही भागांत 'हूम'ही म्हणतात. राजस्थानात तो गोडावण, गुजरातेत घोराड. जुन्या हिंदुस्तानी शिकाऱ्यांच्या बोलीत तो तुगदार किंवा हुकना. एवढी नावं पडली याचा अर्थ सरळ आहे. हा पक्षी एकेकाळी पंजाब-सिंधपासून दख्खनच्या पठारापर्यंत सगळीकडे होता आणि प्रत्येक भाषेच्या माणसाने त्याला जवळून पाहिलं होतं. आता नावं जास्त आणि पक्षी कमी, अशी परिस्थिती आहे.

डॉ. सालिम अली या पक्ष्यासाठी आयुष्यभर बोलत राहिले. राष्ट्रीय पक्षी म्हणून त्यांनी माळढोकाचं नाव पुढे केलं होतं. १९६३ मध्ये तो मान मोराला मिळाला. मोर सुंदर आहे, त्याबद्दल कुणाची तक्रार नाही. पण मोराला वाचवण्यासाठी जेवढी धडपड लागते त्याहून किती तरी अधिक माळढोकाला लागणार, हे मुंबईच्या त्या पक्षीशास्त्रज्ञाने तेव्हाच ओळखलं होतं. आपल्या समाजातल्या मुलांना सालिम अलींचं नाव सामान्यज्ञानाच्या प्रश्नापुरतं माहीत असतं. त्यांनी नेमकं काय सांगितलं, ते मात्र वर्गात क्वचितच येतं.

'तिकडे' गेलेला पक्षी

काही वर्षांपूर्वी शिक्षकांच्या एका प्रशिक्षणात पर्यावरणावर चर्चा चालली होती. माळढोकाचा विषय निघाला. साधनव्यक्ती सांगत होते की, थरच्या वाळवंटातले काही पक्षी सीमा ओलांडून पाकिस्तानात जातात आणि तिथे त्यांची शिकार होते. शेजारी बसलेले एक गुरुजी माझ्याकडे बघून हसत म्हणाले, "काय सर, तुमच्याकडे गेला की संपलाच म्हणायचा!"

सगळे हसले. मीही ओठांवर हसू आणलं. अशा वेळी काय करायचं, हे वीस वर्षांच्या नोकरीत अंगवळणी पडलेलं असतं. पण 'तुमच्याकडे' हा शब्द घरी येईपर्यंत डोक्यात राहिला. माजरीच्या खाणीत आमच्या अब्बांनी उमर घालवली. आमच्या वस्तीतून माळढोकाचा माळ सायकलवर गाठता येतो. मग माझ्याकडचा माळ कुठला?

त्या रात्रीपासून मी या विषयावर वाचत गेलो. गुरुजींच्या विनोदात अर्धं सत्य आहे, हे आधीच सांगतो. पाकिस्तानातल्या सिंध आणि चोलिस्तानच्या वाळवंटात माळढोक फार थोडे उरले आहेत आणि त्यांची शिकार झाल्याचं तिथल्याच वन्यजीव अभ्यासकांनी वारंवार मांडलं आहे. माळढोकाचा एक लहान भाऊ आहे, तलूर. मध्य आशियातून हिवाळ्यात येणारा. पाकिस्तान सरकार आखाती राजघराण्यांना त्याच्या शिकारीचे खास परवाने देतं. २०१५ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ही शिकार बंद केली. जानेवारी २०१६ मध्ये त्याच न्यायालयाच्या मोठ्या पीठाने तो निकाल फिरवला. परदेशी संबंध आणि पैसा यांच्यापुढे पक्षी हरला.

आता उरलेलं अर्धं सत्य. सोलापूर-अहमदनगर परिसरातलं आपलं माळढोक अभयारण्य १९७९ मध्ये जाहीर झालं तेव्हा कागदावर ८,४९६ चौरस किलोमीटरचं होतं. त्यात गावं, शेतं, रस्ते, बाजारपेठा सगळं आलं. लोक वैतागले, जमिनीचे व्यवहार अडले आणि राग निघाला पक्ष्यावर. पुढे क्षेत्र कमी करून १,२२२ चौरस किलोमीटरवर आणलं गेलं. तोवर पक्षी जवळजवळ संपले होते. हे पक्षी कुणी सीमेपलीकडे नेऊन मारले नाहीत. माळ नांगरला गेला, गवत गेलं, भटकी कुत्री वाढली, विजेच्या तारा आल्या. सोलापूरचा माळढोक महाराष्ट्रातच हरवला.

तेव्हा 'तुमच्याकडे' आणि 'आमच्याकडे' या भाषेत हा प्रश्न सुटत नाही. म्हणूनच तर असा आंतरराष्ट्रीय करार करावा लागला.

बॉनचा करार काय सांगतो?

२३ जून १९७९ रोजी जर्मनीतल्या बॉन शहरात हा करार स्वीकारला गेला आणि १ नोव्हेंबर १९८३ पासून अमलात आला. भारत सुरुवातीपासूनच, १९८३ पासून, त्याचा सदस्य आहे. पाकिस्तान १९८७ पासून. म्हणजे माळढोकाबाबत दोन्ही देश एकाच कागदाने बांधलेले आहेत.

कराराची दोन परिशिष्टं आहेत. पहिल्यात नामशेष होण्याच्या धोक्यात असलेल्या प्रजाती. त्यांची शिकार बंद ठेवायची, अपवाद फार मोजके. त्यांचा अधिवास राखायचा, त्यांच्या वाटेतले अडथळे दूर करण्याचा प्रयत्न करायचा. दुसऱ्यात अशा प्रजाती, ज्यांच्यासाठी देशांनी आपापसात समझोते करायचे. तलूरची आशियाई जात दुसऱ्या परिशिष्टात आहे, म्हणून परवान्यांचा खेळ चालतो. माळढोक २०२० पासून पहिल्यात आला, त्यामुळे दोन्ही देशांना आता पळवाट उरलेली नाही. निदान कागदावर तरी.

'कागदावर' हा शब्द महत्त्वाचा. या कराराकडे पोलीस नाहीत, कोर्ट नाही, दंड नाही. देशाने अहवाल पाठवायचा आणि शब्द पाळायचा, एवढाच त्याचा जोर. रशिया, चीन आणि अमेरिका हे मोठे देश त्याचे सदस्यही नाहीत. दोन शेजारी एकमेकांशी बोलतच नसतील, तर एकाच यादीत सही करूनही पक्ष्याला काही फायदा होत नाही.

सायबेरियन क्रौंचाचं उदाहरण घ्या. १९६० च्या दशकात भरतपूरला हे पांढरेशुभ्र पक्षी दोनशेच्या आसपास येत. वाटेत रशिया, कझाकस्तान, अफगाणिस्तान, पाकिस्तान. १९९३ मध्ये त्यांच्यासाठी याच करारांतर्गत खास समझोता झाला. पण अफगाणिस्तानात युद्ध संपत नव्हतं, वाटेवर शिकार थांबत नव्हती. भरतपूरचं तळं आपण सांभाळलं, पण येणारे पाहुणेच वाटेत संपले. २००१-०२ च्या हिवाळ्यानंतर तिथे एकही सायबेरियन क्रौंच आला नाही. साखळीची एक कडी तुटली की बाकीच्या कड्या कितीही मजबूत असल्या तरी उपयोग नसतो.

उलट उदाहरणही आहे. २०१२ मध्ये नागालँडच्या दोयांग जलाशयावर जाळी लावून लाखाच्या घरात अमूर ससाणे मारले गेले. हे छोटे शिकारी पक्षी सायबेरिया-चीनकडून निघतात आणि भारत व अरबी समुद्र ओलांडून दक्षिण आफ्रिकेपर्यंत जातात. जगभर गाजावाजा झाला. पण बदल घडला तो गावात. पांगती आणि आसपासच्या गावांच्या ग्रामसभांनी बंदी घातली, चर्चमधून सांगितलं गेलं, शाळांत मुलांचे गट तयार झाले. पुढच्याच वर्षी, २०१३ मध्ये, तिथे शिकार थांबली. जे मारत होते तेच राखणदार झाले. दिल्लीहून आदेश आला असता आणि गाव मानलं नसतं, तर हे झालं नसतं.

अबू धाबीहून आलेली मदत

आपल्या वाचकांना कदाचित आश्चर्य वाटेल, पण माळढोक वाचवण्याच्या कामात मदतीला धावून आलेल्यांमध्ये अबू धाबीचं नाव आहे. तिथे तलूरच्या संवर्धनासाठी आंतरराष्ट्रीय निधीसंस्था आहे. ज्या अरबांनी बहिरी ससाण्यांनी तलूरची शिकार करून त्याला संकटात आणलं, त्यांनीच आता कृत्रिम प्रजननातून तलूर वाढवण्याचं शास्त्र उभं केलं. जैसलमेरला माळढोकाचं प्रजनन केंद्र २०१९ मध्ये सुरू झालं. त्याला या संस्थेचं तांत्रिक सहकार्य मिळालं आणि इथल्या लोकांनी तिकडे जाऊन प्रशिक्षण घेतलं. ऑक्टोबर २०२४ मध्ये कृत्रिम रेतनातून माळढोकाचं पहिलं पिल्लू जन्माला आलं.

आंतरराष्ट्रीय सहकार्य म्हणतात ते हेच. शिकारीची हौस असलेल्यांकडून आपण प्रजननाचं तंत्र शिकलो. राजकारणात कुठला देश जवळचा आणि कुठला दूरचा, हे दर काही वर्षांनी बदलत असतं. एका पिल्लाला मात्र तेवढा वेळ नाही. माळढोकाची मादी सहसा वर्षाला एकच अंडं घालते, तेही उघड्या जमिनीवर.

अरबस्तानात 'हिमा' नावाची जुनी पद्धत होती. चराईच्या जमिनीचा काही भाग राखून ठेवायचा, तिथे मनमानी चराई नाही, झाडतोड नाही. मदीनेच्या आसपासही अशी राखीव क्षेत्रं केली गेली होती. ही जमीन कुणा एकाची मालमत्ता नसे. ती सगळ्यांची अमानत मानली जाई. आपल्याकडच्या देवराया आणि गायरानं याच विचाराच्या जवळची. आज गायरानाची नोंद महसूल दफ्तरात बहुतेकदा 'पडीक' अशी होते आणि पडीक म्हटलं की ती कुणालाही द्यायला मोकळी होते. माळढोकाचं घर हेच 'पडीक' गवत आहे.

आमचा कोळसा, आमच्या तारा

आता सगळ्यात अवघड भाग. आमचं गाव कोळशावर जगतं. माझं शिक्षण, बीएडची फी, बहिणीचं लग्न, सगळं अब्बांच्या खाणीतल्या पगारातून झालं. इथला कोळसा वीज केंद्रांना जातो. चंद्रपूरचं महाऔष्णिक केंद्र एकटंच २,९२० मेगावॉटचं आहे. तिथून उच्चदाबाच्या तारा शेतांवरून, माळांवरून राज्यभर जातात. माळढोक वजनाने जड, नर पंधरा किलोपर्यंत जातो. डोळे डोक्याच्या बाजूंना, समोरचं त्याला नीट दिसत नाही. उडताना तार दिसेपर्यंत वळायला वेळ उरत नाही. भारतीय वन्यजीव संस्थेच्या अभ्यासांनी तारांना धडकून होणारे मृत्यू हा आज या पक्ष्याला असलेला सर्वांत मोठा धोका ठरवला आहे.

१९ एप्रिल २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने राजस्थान आणि गुजरातच्या माळढोक क्षेत्रात तारा शक्य तिथे जमिनीखालून न्याव्यात, बाकी तारांवर पक्षीरोधक चकत्या लावाव्यात असा आदेश दिला. सौरऊर्जा कंपन्या आणि सरकार म्हणालं, एवढ्या मोठ्या क्षेत्रात हे परवडणार नाही, मग कोळशाला पर्याय कसा उभा राहणार? मार्च २०२४ मध्ये न्यायालयाने आपला आदेश बदलून तज्ज्ञ समिती नेमली. हवामान बदलाच्या दुष्परिणामांपासून मुक्त राहण्याचा नागरिकांचा हक्कही याच निकालात मान्य झाला.

खाणगावात राहणाऱ्या माणसाला हा पेच नीट कळतो. कोळसा जाळला तर हवा बिघडते. सूर्याची वीज घेतली तर तिच्या तारा माळावरून जातात. दोन्हीकडे बाजू खरी आहे. पण लक्षात घ्या, ते आदेश राजस्थान आणि गुजरातपुरते होते. वरोरा-भद्रावतीच्या माळावरच्या तारांचं काय, हा प्रश्न त्यात आलाच नाही. जिथे पक्षी कमी, तिथे काळजीही कमी, असा हिशेब झाला तर शेवटच्या पक्ष्याची पाळी येईपर्यंत कुणी हलणार नाही.

आमच्या शाळेत एका कास्तकाराचा नातू शिकतो. पालकसभेनंतर त्या काकांशी या विषयावर बोललो. ते म्हणाले, "सर, माह्या बापाच्या वावरात त्याचं अंडं सापडलं होतं. बापानं त्या जागी वखर फिरवला नाही. तेवढा तुकडा तसाच ठेवला." मी विचारलं, "आता सापडलं तर काय कराल काका?" ते थांबले. मग म्हणाले, "ठेवीन. पण सांगणार नाही कोणाले. सांगितलं तर वावर जाईल."

शासनव्यवस्थेवरचा याहून नेमका शेरा मी कुठल्या अहवालात वाचलेला नाही. पक्षी सापडल्याचं सांगणाऱ्याला जमीन जाण्याची भीती वाटत असेल, तर पक्षी कुणी कळवणारच नाही. सोलापूरच्या अनुभवातून ही भीती आलेली आहे, ती खोटी म्हणता येत नाही.

काय करता येईल?

माळढोकासोबत हत्तीही पहिल्या परिशिष्टात गेला, हे वर सांगितलंच. २०२१ मध्ये रानटी हत्तींचा एक कळप ओडिशा-छत्तीसगडकडून गडचिरोलीत उतरला. धानाची पिकं तुडवली गेली, घरं पडली, माणसंही गेली. एका राज्याचं वन खातं हत्तींना हुसकावतं, ते दुसऱ्या राज्यात शिरतात, तिथलं खातं परत हुसकावतं. हत्तींना हाताळायचा अनुभव असलेली माणसं पश्चिम बंगालमधून आणावी लागली. एकाच देशातली तीन राज्यं आपसात बोलून वाट ठरवू शकत नसतील, तर दोन वैरी देशांकडून काय अपेक्षा ठेवायची? सहकार्याची सुरुवात गडचिरोली आणि कांकेरच्या वनाधिकाऱ्यांच्या एका सामाईक नकाशापासूनही होऊ शकते.

मला सुचतं ते एवढं. एक, वरोरा-भद्रावती पट्ट्यात महसूल, वन, वीज आणि खाण या चारही खात्यांनी एकत्र बसून माळढोकाच्या वाटेवरच्या तारा निश्चित कराव्यात आणि आधी त्या तारांवर चकत्या लावाव्यात. सगळ्या तारा गाडणं परवडत नसेल, मोजक्या तरी परवडतील. दोन, शेतात अंडं किंवा पक्षी सापडल्यास कास्तकाराचं त्या हंगामाचं नुकसान भरून द्यावं आणि जमीन जाणार नाही असं लेखी द्यावं. तीन, गायरानाच्या नोंदीतला 'पडीक' हा शब्द जाऊन 'गवताळ माळ' असा शब्द यावा. चार, भारत-पाकिस्तानने बाकी काही बोलू नये वाटलं तरी, दोन्हीकडच्या अभ्यासकांना माळढोकाची मोजणी एकमेकांना कळवू द्यावी.

फेब्रुवारी २०२४ मध्ये याच कराराची पुढची परिषद उझबेकिस्तानातल्या समरकंदला झाली. जगभरातल्या स्थलांतरित प्रजातींवरचा अहवाल तिथे मांडला गेला. यादीतल्या ४४ टक्के प्रजातींची संख्या घटते आहे आणि पाचातली एक नामशेष होण्याच्या धोक्यात आहे. त्याच परिषदेत मध्य आशियाई उड्डाणमार्गासाठी एक उपक्रम मंजूर झाला. सायबेरियापासून मालदीवपर्यंत तीस देशांवरून जाणारा हा मार्ग. त्याचं समन्वय केंद्र भारतात असणार आहे. चंद्रपूर-गडचिरोलीचे मामा तलावही याच वाटेवरच्या पाहुण्यांचे मुक्काम आहेत. तीस देशांचा समन्वय आपण करणार असू, तर एका तालुक्यातल्या चार खात्यांचा करणं अशक्य नसावं.

उर्दूत मुसाफिर या शब्दाला एक मान आहे. मुसाफिराला रस्ता द्यायचा, पाणी द्यायचं, त्याला त्याचा मुलूख विचारायचा नाही. मराठीतही वाटसरूला हीच वागणूक आहे. माळढोक कुणाचा, याचं उत्तर मी विद्यार्थ्यांना असं देतो: तो ज्याच्या वावरात उतरेल, त्या दिवशी त्याचा. त्या दिवशीची जबाबदारी त्या माणसाची आणि त्या माणसाला एकटं पडू न देण्याची जबाबदारी सरकारची. मग ते वावर जैसलमेरचं असो, सिंधचं असो की आमच्या माजरीजवळचं.